मोझ्ली शिकवायचा तर लालबागपासून सुरुवात करा

एकोणतीस वर्षं मी रात्रशाळेत इतिहास शिकवला. आता निवृत्त आहे, पण शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ आमच्या चाळीच्या तळमजल्यावर, मंडळाच्या खोलीत, अजून वर्ग घेते. वर्ग म्हणजे दोन सतरंज्या, एक फळा, कोपऱ्यात कॅरम आणि भिंतीवर गणपतीच्या जुन्या फोटोंची रांग. येणारी मुलंमुली अठरा ते तिशीतली. कुणी लिफ्टदुरुस्तीच्या कामावर, कुणी कुरिअरवाला, दोघी कॉल सेंटरमधल्या, आणि एक एमपीएससीचा अभ्यास करणारा, जो दर शनिवारी न चुकता विचारतो, "बाई, हे परीक्षेला येतं का?"

ब्रिटिशांमधला फॅसिझम, आणि १९३० च्या दशकातला त्याचा पुढारी सर ओसवाल्ड मोझ्ली, हा विषय मी या मुलांबरोबर चार वेळा घेतला. पहिल्यांदा फसला, दुसऱ्यांदा त्याहून वाईट फसला, मग कुठे बसला. तुम्हाला कुठे असाच वर्ग, अभ्यासमंडळ, वाचनालयातलं चर्चासत्र घ्यायचं असेल तर माझ्या चुका तरी टळतील, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी काय करू नये ते सांगते. फळ्यावर व्याख्या लिहू नका. मी पहिल्या वेळी लिहिली होती, चांगली सात ओळींची, आणि मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. उतरवून घेतलं की झालं, असं त्यांना शाळेनंच शिकवलेलं आहे. दुसरं, हिटलरचा व्हिडिओ दाखवू नका. त्यानंतर तुम्ही लंडनबद्दल काहीही सांगा, मुलांना ते पाणचटच लागतं. ब्रिटिश फॅसिस्टांना सत्ता मिळाली नाही. पार्लमेंट चालू होतं, कोर्टं चालू होती, वर्तमानपत्रं छापली जात होती, आणि तरीही हजारो माणसं काळे सदरे घालून एका माणसापुढे हात उंचावत होती. हे कसं झालं, हे पाहायला तीन शनिवार लागतात.

सामान फार नाही. तीन रंगांचे खडू, कॅरमच्या सोंगट्या, पाव किलो शेंगदाणे आणि एक वार साधं सुती कापड.

पहिल्या शनिवारी ते कापड सतरंजीवर पसरा आणि बाबू गेनूचं नाव घ्या. ते मुलांना माहीत असतं. १२ डिसेंबर १९३०, काळबादेवी, परदेशी कापडाचा ट्रक, आणि त्याच्यापुढे आडवा झालेला गिरणीकामगार. मग विचारा, ट्रकमधलं कापड कुणी विणलं होतं? इथे वर्ग हमखास गप्प होतो. "इंग्रजांनी" असं उत्तर येतं. कुठल्या इंग्रजांनी? व्हाइसरॉयनं तर नक्कीच नाही. ते विणलं होतं इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या मुलखात, लँकेशायरच्या गिरणीत, आमच्या बाबांसारख्याच कुणीतरी. बाबा साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. कानात कायमचा खडखडाट घेऊन घरी यायचे, आणि आई त्यांच्याशी ओरडूनच बोलायची. तिकडेही साचे खात्यातल्या बायका एकमेकींच्या ओठांच्या हालचालीवरून बोलणं ओळखायच्या, हे मी मुलांना आवर्जून सांगते.

आता आकडे, पण दोनच. पहिल्या महायुद्धाआधी, १९१३ साली, लँकेशायरमधून हिंदुस्थानात वर्षाला तीनशे कोटी वारांच्या आसपास कापड येत होतं. १९३५ पर्यंत ते पाचव्या हिश्श्याच्या आत आलं. काही आपल्या बहिष्कारामुळे, काही जपानच्या स्वस्त कापडामुळे, बरंचसं मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांमुळे, शिवाय ब्रिटिश कापडावर २५ टक्के आयात जकात बसली होती. तिकडे गिरण्या बंद पडल्या. ब्लॅकबर्न, डार्वेन, बर्नली ही गावं मुलांना फळ्यावर दाखवताना मी एवढंच म्हणते की १९८२ नंतरचं लालबाग डोळ्यांपुढे आणा. मग त्यांना आणखी काही सांगावं लागत नाही.

या बेकार विणकरांपुढे तीन-चार वर्षांच्या अंतरानं दोन माणसं येऊन उभी राहिली. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मुद्दाम डार्वेनला गेले. ज्यांची नोकरी आपल्या चळवळीनं हलली, त्यांच्याच मुलखात राहिले, आणि आमच्याकडची गरिबी याहून खोल आहे असं त्यांना तोंडावर सांगितलं. गिरणीतल्या बायका त्यांच्या भोवती हात वर करून हसताहेत, असा एक फोटो आहे. तो शोधून जरूर दाखवा. दुसरा माणूस सर ओसवाल्ड मोझ्ली. १९३४-३५ मध्ये त्याच्या 'ब्रिटिश युनियन ऑफ फॅसिस्ट्स' या पक्षानं लँकेशायरमध्ये मोठी मोहीम काढली. वचन सोपं होतं: साम्राज्यातल्या बाजारांतून जपानी माल हाकलू, हिंदुस्थाननं लँकेशायरच्या कापडावर बसवलेली जकात काढून टाकू, आणि हिंदुस्थानला आणखी अधिकार देण्याचा जो घाट चाललाय तो थांबवू. तुमचे साचे पुन्हा सुरू.

इथे थांबा. घाई करू नका. कुणाला तरी विचारा की हे साचे सुरू झाले तर बंद कुठले पडतील? दोन-तीन मिनिटं जातात. मग सहसा मागे बसलेली एखादी मुलगी म्हणते, "आपले." एप्रिल १९३४ मध्ये याच गिरणगावात पगारकपातीविरुद्ध सार्वत्रिक संप चालू होता हे मग सांगा, म्हणजे चित्र पुरं होतं. (आपल्या गिरणीमालकांनी लँकेशायरच्या मालकांशी ऑक्टोबर १९३३ मध्येच करार करून टाकला होता, मोदी-लीस करार म्हणतात तो. मालक मालकांशी बोलले. ते प्रकरण इथे उघडू नका, संध्याकाळ त्यातच जाते.)

माझा सगळा वर्ग या एका प्रश्नावर उभा आहे. फॅसिस्ट पत्रक हातात आलं की त्यातली भाकरी कुणाच्या ताटातून उचलायची आहे, त्या माणसाला त्या पत्रकात बोटानं शोधायचं. तो कधी नावानिशी असतो, कधी नुसता 'परकी स्पर्धा' म्हणून असतो. लँकेशायरच्या पत्रकात तो मुंबईचा कामगार होता. पुढच्या पत्रकात तो लंडनचा ज्यू शिंपी होता.

त्याच संध्याकाळी विचारसरणी उरकून घ्या, कारण कापड समोर असताना ती समजते. मोझ्लीला हवं होतं 'कॉर्पोरेट राज्य'. म्हणजे कंपन्यांचं राज्य नव्हे, हा घोटाळा दर वेळी होतो. प्रत्येक धंद्याचं एक महामंडळ, त्यात मालक, कामगार आणि गिऱ्हाईक यांचे प्रतिनिधी, वर सरकार. पगार, भाव तिथेच ठरणार. संपाला बंदी, टाळेबंदीलाही बंदी. मतदान वस्तीप्रमाणे नाही तर धंद्याप्रमाणे. विणकरानं विणकर म्हणून मत द्यायचं, डॉक्टरनं डॉक्टर म्हणून. पक्ष नाहीत. अधूनमधून जनतेनं फक्त सरकार हवं की नको एवढं सांगायचं.

हे सांगितल्यावर आमच्याकडे जे झालं ते तुमच्याकडेही होऊ द्या. लिफ्टवाला मुलगा म्हणाला, "मग बाई, ब्याऐंशीचा संप झालाच नसता. माझ्या आजोबांची नोकरी राहिली असती." दुसरा उसळला. वीस मिनिटं नुसता कल्ला. मी मध्ये पडले नाही. आवाज खाली आल्यावर एकच विचारलं, की त्या महामंडळात कामगारांचा प्रतिनिधी कोण नेमणार? इटलीत १९२६ च्या कायद्यानं संप गुन्हा ठरला, आणि कामगारांच्या वतीनं करार करण्याचा हक्क राहिला फक्त फॅसिस्ट संघटनेला. लिफ्टवाला थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे मुकादमच युनियनचा पुढारी." याहून चांगली व्याख्या मला निदान सापडलेली नाही. तरीही त्याचं आजोबांबद्दलचं म्हणणं खोटं पडत नाही, हेही त्याला सांगा. ज्याचं घर संपानं बसलं त्याला शिस्तीचं वचन गोड लागणारच.

दुसरा शनिवार माणसाचा. मोझ्लीचा जन्म १८९६ चा, जमीनदार घराणं, सैन्यातून आलेला, तलवारबाजीत तरबेज. मुलांचं लक्ष वेधायला एक वाक्य पुरतं: हा कर्झनचा जावई. बंगालची फाळणी करणारा तोच लॉर्ड कर्झन. त्याची मुलगी सिंथिया हिच्याशी मोझ्लीचं १९२० मध्ये लग्न झालं. आधी तो हुजूर पक्षाचा खासदार. आयर्लंडमधल्या सरकारी अत्याचारांवरून तो सरकारी बाक सोडून विरोधकांत जाऊन बसला, मग मजूर पक्षात गेला, १९२९ मध्ये मंत्री झाला. बेकारी हटवायला सरकारनं कर्ज काढून कामं काढावीत, म्हाताऱ्यांना पेन्शन देऊन निवृत्त करावं, मुलांना शाळेत जास्त वर्षं ठेवावं, असा आराखडा त्यानं १९३० मध्ये मांडला. मंत्रिमंडळानं तो फेटाळला. यानं राजीनामा दिला.

हा भाग झाकू नका. पहिल्या वर्षी मी मोझ्लीला सुरुवातीपासून खलनायक करून टाकला आणि मुलांचा त्यावर विश्वासच बसला नाही. बेकारीबद्दल त्याचं म्हणणं त्याच्या वरिष्ठांपेक्षा शहाणपणाचं होतं, असं आज बरेच इतिहासकार मानतात. गंमत पुढे आहे. १९३१ मध्ये त्यानं नवा पक्ष काढला, २४ उमेदवार उभे केले, सगळे पडले. जानेवारी १९३२ मध्ये तो इटलीचा फॅसिस्ट हुकूमशहा मुसोलिनी याला भेटून आला आणि १ ऑक्टोबर १९३२ ला फॅसिस्ट पक्ष स्थापन केला. मतपेटी ऐकत नाही तर मतपेटीच नको, इतका साधा प्रवास. पैसाही पुढे मुसोलिनीकडून गुपचूप येत राहिला. 'ब्रिटन फर्स्ट' म्हणणाऱ्यांचं भाडं रोम भरत होतं. मुलांना हे फार आवडतं.

मोझ्लीआधीचे फॅसिस्ट पाच मिनिटांत आटपा. १९२३ मध्ये रोथा लिंटर्न-ऑर्मन या बाईनं पहिली संघटना काढली, महायुद्धात ती रुग्णवाहिकांच्या कामावर होती. दुसरा अर्नोल्ड लीस, उंटांचा डॉक्टर. खरंच, काही वर्षं हिंदुस्थानात उंटांवर उपचार करत होता आणि उंटांच्या रोगांवर त्याचा जाडजूड ग्रंथ आहे. मुलं खो खो हसतात. हसू द्या, पण लगेच सांगा की ज्यूद्वेषात हा मोझ्लीच्याही पुढचा होता, मोझ्ली त्याला पुरेसा कडवा वाटत नसे, आणि १९३६ मध्ये ज्यूंबद्दल भयंकर खोटंनाटं छापल्याबद्दल त्यानं सहा महिन्यांची शिक्षा भोगली.

आता माझी मोठी चूक. दुसऱ्या वर्षी मला वाटलं, वर्ग जिवंत करू. एका मुलाला काळा शर्ट घालायला लावला, मोझ्लीच्या मुद्द्यांवरून मीच मराठीत पाच मिनिटांचं भाषण लिहून दिलं. पोरगं एकांकिका स्पर्धांतून तयार झालेलं. त्यानं खोलीतले दिवे घालवून फक्त फळ्यावरचा बल्ब ठेवला, दारातून हळूहळू चालत आला, आणि सुरू झाला. म्हातारे पुढारी, विकलेलं पार्लमेंट, वाया गेलेली तरुणाई. संपल्यावर टाळ्या थांबेनात. कॅरम खेळायला आलेली बाहेरची पोरंही दारात उभी राहून वाजवत होती. एकानं मला विचारलं, "बाई, हा माणूस आपल्याकडे का नाही झाला?" त्या रात्री मला झोप लागली नाही. भाषण मी लिहिलं होतं.

तेव्हा शर्ट, दिवे, भाषण काही नको. करायचंच असेल तर तिसऱ्या वर्षी मी केलं तसं करा. भाषण चालू असताना दोन मुलींनी उठून प्रश्न विचारायचा, एवढं फक्त त्या दोघींना आधी सांगून ठेवायचं. आणि वक्त्याच्या चार 'स्वयंसेवकांना' सांगायचं, की प्रश्न आला की भाषण थांबेल, तुम्ही विचारणारीला घेरून दाराबाहेर न्यायचं. हात लावायचा नाही, नुसतं घेरायचं. सगळे दिवे चालू ठेवून. पहिली मुलगी बाहेर गेली तेव्हा वर्ग हसला. दुसरी गेली तेव्हा कुणी हसलं नाही.

मग सांगा, ७ जून १९३४, लंडनचं ऑलिंपिया सभागृह, दहा हजारांवर श्रोते. विरोधक ठरवून आत शिरले होते आणि एकामागून एक घोषणा देत होते. प्रत्येक वेळी मोझ्ली बोलायचा थांबे, प्रकाशझोत त्या माणसावर जाई, आणि काळ्या सदऱ्यातले कार्यकर्ते सगळ्यांदेखत त्याला बडवून बाहेर फेकत. त्याच वर्षीच्या जानेवारीत 'डेली मेल'नं 'काळ्या सदरेवाल्यांचा जयजयकार' अशा अर्थाच्या मथळ्याखाली मालक लॉर्ड रॉदरमियरचा लेख छापला होता. जुलैत त्यानं हात काढून घेतला. पक्षाची सभासदसंख्या तेव्हा पन्नास हजारांपर्यंत गेली असावी असा अंदाज आहे. वर्षभरात ती कोसळली. १९३५ च्या निवडणुकीत पक्षानं एकही उमेदवार उभा केला नाही, 'पुढच्या वेळी फॅसिझम' एवढी घोषणा देऊन घरी बसले.

मुली हमखास विचारतात की बायका होत्या का? होत्या, आणि बऱ्याच. मेरी रिचर्डसन ही मताधिकाराच्या चळवळीतली बाई. १९१४ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत चित्रकार व्हेलाझ्केझच्या व्हीनसच्या चित्रावर तिनं खाटकाचा सुरा चालवला होता, चळवळीच्या नेत्याला अटक झाली म्हणून. तीच पुढे मोझ्लीच्या पक्षात गेली. मत मिळवण्यासाठी तुरुंगात गेलेली बाई मतपेटी गुंडाळणाऱ्यांकडे का गेली, यावर चर्चा लावा. आमच्या कॉल सेंटरवाल्या दोघींचं यावर अजून पटलेलं नाही. पुढे ती तिथूनही बाहेर पडली, हे चर्चा रंगल्यावर सांगा, आधी नको.

तिसरा शनिवार परळपासून सुरू होतो. हाफकिन संस्था सगळ्यांना माहीत असते, हाफकिन कोण हे कुणालाच नसतं. वाल्डेमार हाफकिन, ओडेसाचा ज्यू. धर्म बदलला असता तर रशियात प्राध्यापकी मिळाली असती, यानं बदलला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा तो इथे आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ज्या झारच्या राज्यातल्या जाचामुळे असे लोक बाहेर पडले, त्याच राज्यातून १८८१ नंतर हजारो गरीब ज्यू कुटुंबं लंडनच्या ईस्ट एंडमध्ये येऊन राहिली. शिंपीकाम, जोडेकाम, फर्निचर. एका खोलीत आठ-दहा माणसं. 'ज्यू' म्हणजे कुणीतरी सावकार, असं मुलांच्या डोक्यात सिनेमांमधून बसलेलं असतं. ते आधी पुसून घ्या. आपल्याकडचे मराठी बोलणारे बेने इस्रायली, कोकणातले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, यांची आठवण दिलीत तर आणखी बरं.

ऑलिंपियानंतर मोझ्लीचा पक्ष उघड ज्यूद्वेषावर आला आणि ईस्ट एंडमध्ये ठाण मांडून बसला. ज्यूंबद्दल त्याचा प्रचार असा: खोल्या यांनी घेतल्या, कामं यांनी घेतली, भाडी यांनी वाढवली. मी ही वाक्यं फळ्यावर लिहीत असताना मागून आवाज आला, "बाई, हे तर आपणही बोलतो." कुणाबद्दल, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. खोलीत वेगवेगळ्या घरांतली मुलं असतात, आणि त्यांना ते ऐकू आलेलं असतं.

मग सतरंज्या गुंडाळा आणि फरशीवर खडूनं रस्ते काढा. एका टोकाला लंडनचा टॉवर, तिथून पूर्वेला केबल स्ट्रीट, वरच्या बाजूला गार्डिनर्स कॉर्नरचा चौक. तारीख ४ ऑक्टोबर १९३६, रविवार. त्या दिवशी मोझ्लीला ईस्ट एंडमधून मोर्चा न्यायचा होता. एक सोंगटी म्हणजे हजार माणसं. काळ्या तीन, म्हणजे मोझ्लीचे लोक. पांढऱ्या सहा-सात, म्हणजे पोलीस. आणि शेंगदाणे म्हणजे अडवायला आलेली जनता. सगळ्यात सावध अंदाज लाखाच्या आसपास जातो, तेव्हा एका दाण्याला हजार धरून शंभर दाणे मोजून ठेवा. दाण्यांवर एक विश्वासू माणूस बसवा. आमच्याकडे पहिल्या वेळी लढाई सुरू होण्याआधीच निम्मी जनता खाल्ली गेली होती.

शहाण्यासुरत्यांनी लोकांना घरीच राहायला सांगितलं होतं, हे आधी सांगा. मजूर पक्षानं सांगितलं, ज्यूंच्या प्रतिनिधी मंडळानं सांगितलं. कम्युनिस्टांनी तर त्या दिवशी, फॅसिस्टांशी यादवी युद्ध लढणाऱ्या स्पेनसाठी, दुसरीकडे सभा ठेवली होती, आयत्या वेळी पत्रकांवर नवा मजकूर छापून बेत बदलला. मोर्चावर बंदी घाला म्हणून लाखाच्या घरात सह्या गेल्या होत्या, गृहमंत्र्यांनी मानलं नाही. आता दाणे चौकात ओता. चौक बंद. पोलिसांनी मग केबल स्ट्रीटनं वाट काढायचं ठरवलं. तिथे उलटवलेली लॉरी, फर्निचर, फळ्या. घोड्यांच्या पायांखाली काचेच्या गोट्या. वरच्या खिडक्यांतून बायका कचरा, दुधाच्या बाटल्या आणि रात्रीची भांडी पोलिसांवर रिकामी करताहेत. (आमच्या चाळीच्या गॅलरीकडे सगळ्यांच्या माना एकदम वळतात. वळू द्या.) ज्यू शिंपी आणि गोदीतले आयरिश कामगार, ज्यांचं एरवी फारसं सख्य नव्हतं, एकाच अडथळ्यामागे. शेवटी पोलीस आयुक्त सर फिलिप गेम यानं मोझ्लीला पश्चिमेकडे परत फिरवलं.

काळ्या सोंगट्या केबल स्ट्रीटमध्ये शिरल्याच नाहीत, हे मुलांना दाखवून द्या. मारामारी झाली ती पांढऱ्या सोंगट्यांची आणि दाण्यांची. यावर प्रश्न येतातच.

आणि इथे वर्ग संपवू नका. सगळ्यांना टाळ्या वाजवून घरी जायचं असतं. पुढच्याच रविवारी माइल एंड रोडवर ज्यूंची दुकानं फोडली गेली. पक्षाला लंडनमध्ये नवे सभासद मिळाले. केबल स्ट्रीटनंतर दोनच दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, मोझ्लीनं बर्लिनमध्ये हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या घरी डायना मिटफर्डशी दुसरं लग्न केलं, पाहुण्यांत हिटलर. मार्च १९३७ च्या लंडन कौंटी निवडणुकीत त्याच्या पक्षाला बेथनल ग्रीनमध्ये २३ टक्के, लाइमहाउसमध्ये १९, शोरडिचमध्ये १४ टक्के मतं पडली, आणि त्या निवडणुकीत मत फक्त कर भरणाऱ्या घरमालक-भाडेकरूंना होतं, आईबापांच्या घरात राहणाऱ्या तरुण पोरांना नव्हतं. जागा एकही मिळाली नाही. १ जानेवारी १९३७ पासून राजकीय गणवेशावर कायद्यानं बंदी आली, सदरे पेटीत गेले. लिफ्टवाला म्हणाला, गणवेश गेल्यावर ओळखायचं कसं? मी म्हटलं, पहिल्या शनिवारचं कापड आण.

'आपलं कुणी होतं का तिथे' असं विचारतील तर शापूरजी सकलातवाला सांगा. मुंबईत जन्मलेला, जमशेटजी टाटांचा भाचा, लंडनच्या बॅटरसीतून निवडून आलेला कम्युनिस्ट खासदार. जानेवारी १९३६ मध्ये वारला, पण स्पेनमध्ये फॅसिस्टांशी लढायला गेलेल्या ब्रिटिश बटालियनला आधी त्याचंच नाव दिलं होतं.

पुढचा इतिहास पंधरा मिनिटांत. मे १९४० मध्ये मोझ्लीला युद्धकाळातल्या १८-बी नियमाखाली, खटला न चालवता, आत टाकलं. पक्षावर बंदी आली. १९४३ च्या नोव्हेंबरात आजारपणावरून सुटला. त्याचा जुना प्रचारप्रमुख विल्यम जॉइस जर्मनीच्या रेडिओवरून ब्रिटनला शिव्या देत होता, तो ३ जानेवारी १९४६ ला फासावर गेला. मोझ्ली १९५९ मध्ये नॉर्थ केन्सिंग्टनमधून उभा राहिला, आता ज्यूंऐवजी वेस्ट इंडीजमधून आलेल्या काळ्या लोकांविरुद्ध, आणि डिपॉझिट गमावून बसला. त्याचा जुना सहकारी ए. के. चेस्टरटन १९६७ मध्ये, बाहेरून आलेल्यांविरुद्ध निघालेल्या 'नॅशनल फ्रंट' या पक्षाचा पहिला अध्यक्ष. त्यांच्या पत्रकांतला माणूस पुन्हा आपल्याकडचा. ४ मे १९७८ ला अल्ताब अली हा बांगलादेशी शिवणकामगार व्हाइटचॅपलमध्ये मारला गेला, केबल स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावर. ज्या गल्ल्यांत ज्यू शिंपी राहत होते त्याच गल्ल्यांत, त्याच धंद्यात. आज तिथल्या बागेला त्याचं नाव आहे. खडूच्या नकाशावर ती बाग नक्की दाखवा.

एक प्रश्न दर वेळी येतो आणि त्याची तयारी करून ठेवा: "इंग्रज आपल्यावर राज्य करत होते तेव्हा ते फॅसिस्टच होते ना?" हो म्हणणं सोपं आहे, मुलं खूश होतात. मी नाही म्हणते, आणि मग नातू बंधूंची गोष्ट सांगते. १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना मुंबई सरकारनं १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली चौकशी न करता उचललं. १९४० मध्ये मोझ्लीला तसंच उचललं तेव्हा लंडनमध्ये यावर रकानेच्या रकाने भरले, पार्लमेंटमध्ये वाद झाले. पुण्याला ही पद्धत त्रेचाळीस वर्षं आधीपासून पाठ होती. साम्राज्याला आणि फॅसिझमला दोन वेगळे शब्द ठेवा. पण मोझ्लीनं काय नवीन आणलं आणि काय नुसतं मुंबई-कलकत्त्याहून लंडनला नेलं, याची यादी मुलांना करायला सांगा. आमची यादी फळ्यावर मावली नव्हती. आणि 'आपल्याकडचं काय' असाही प्रश्न येईल. त्याला स्वतंत्र शनिवार द्या, स्वतंत्र कागदपत्रं घेऊन, शेवटच्या पाच मिनिटांत नको.

मोझ्ली का हरला, याचं एकच उत्तर स्वीकारू नका. इंग्रज मुळात समंजस असतात हे तर मुळीच नको, ते बाबू गेनूला विचारा. त्यांनी महायुद्ध हरलेलं नव्हतं, हुजूर पक्ष भक्कम होता, १९३३ नंतर बेकारी हळूहळू उतरली, निवडणुकीची पद्धत छोट्या पक्षांना मारते, ऑलिंपियानं मध्यमवर्ग बिचकला, आणि हो, चौकात दाणे होते. कुठलं किती, यावर भांडू द्या.

शेवटची सूचना फरशीची. खडू शहाबादीवर कोरड्या झाडूनं जात नाही, ओलं फडकं लागतं, आणि ते त्याच रात्री मारा. आमच्या खोलीत सोमवारी सकाळी बालवाडी भरते. गेल्या वेळी आम्ही कंटाळा केला, तर साडेनवाला बालवाडीच्या बाईंचा फोन आला. पोरं केबल स्ट्रीटवर लंगडी खेळत होती, आणि कोपऱ्यात सापडलेले शेंगदाणे खाऊ का म्हणून विचारत होती.